पोट काढलेली भिंत

भिंतीने पुन्हा पोट काढलं होतं.

इसब्रंड ड्यूक दाराच्या चौकटीला खांदा टेकवून, डावा डोळा मिटून, उजव्याने बघत होता. समोर दिवाणखान्याची अठरा फुटी भिंत. फायरप्लेसच्या दोन्ही अंगांनी थेट छताला भिडलेल्या पांढऱ्या ओकच्या एक्केचाळीस उभ्या पट्ट्या. सोमवारी त्याने त्या बसवल्या तेव्हा सुतासारख्या सरळ होत्या. मंगळवारी दुपारी दारातून बघतो तर मधल्या सहा-सात पट्ट्या डावीकडे फुगलेल्या. त्याने त्या ठोकून जागेवर आणल्या. आणि आज बुधवारी सकाळी पुन्हा तेच.

"लाकूड ओलं आलंय," तो म्हणाला. "आठ दिवस घरातल्या उबेत नुसतं पडू द्या म्हणत होतो. ऐकतंय कोण."

फायरप्लेसपुढे गुडघ्यांवर बसून रोडेल फरशी बसवत होता. त्याने वर बघितलं, भिंत बघितली, आणि थापी पुन्हा सिमेंटच्या मसाल्यात घातली. इसब्रंड रबरी हातोडी घेऊन शिडीवर चढला. पट्ट्या मागच्या चिमट्यांत अडकवलेल्या होत्या, हलक्या हाताने ठोकलं की सरकायच्या. त्याने मधल्या पट्ट्या उजवीकडे सारल्या, खाली उतरून दारापाशी गेला, डावा डोळा मिटला. आता ठीक होतं. त्याने खिशातून सूर्यफुलाच्या चार बिया काढून तोंडात टाकल्या. रोडेलची थापी मात्र मघापासून एकाच जागी थांबली होती, ते त्याच्या लक्षात आलं नाही.

घराचा सांगाडा उभा करणारे सुतार वेगळे. ते येतात, धडाधड ठोकतात आणि निघून जातात. इसब्रंड शेवटचा सुतार. दारांच्या चौकटी, जिन्याचा कठडा, छताच्या कडेची पट्टी, म्हणजे आल्या माणसाची नजर जिथे पडणार ते सगळं त्याचं. वय बासष्ट, त्यातली चाळीस वर्षं याच कामात, आणि तीही बहुतेक दाखवायच्या घरांत. आमच्या बर्फाळ विनिपेग शहरात दर वसंतात नव्या घरांची जत्रा भरते. वसंत म्हणायचं आपलं, बाहेर उणे सत्तावीस असतं. बिल्डर एकेक घर नटवून उघडं ठेवतात आणि लोक रविवारचं जेवून सहकुटुंब बघायला निघतात. घेणारे पाच, बघणारे पाच हजार.

हे घर तर या वर्षीचं सगळ्यांत महागडं. ओट्याचा दगड कडेवरून वळून सरळ जमिनीपर्यंत उतरलेला. न्हाणीघरातली फरशी पायाखालून गरम होणारी. खण कितीही जोरात ढकलला तरी शेवटी आपला आपण हळूच मिटणारा. कोठीचं दार असं की कपाटच वाटावं. आणि त्यात राहणारं कोणी नाही. टीव्ही म्हणून नुसती काळी काच, टोपलीतली लिंबं मेणाची, पाटावरचा पाव प्लास्टरचा. पुस्तकं पाठ भिंतीकडे करून लावलेली, कारण सजावट करणाऱ्या मुलीला पुठ्ठ्यांचे रंग पसंत नव्हते. इसब्रंड म्हणायचा, या घरात खरं काय असेल तर माझं लाकूड आणि रोडेलची फरशी, बाकी सगळं नाटकाचं सामान.

त्याच्या धंद्यात त्याचं नाव होतं ते त्याच्या डोळ्यासाठी. थोरले थीसन, म्हणजे हल्लीच्या बिल्डरचे वडील, प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे की इसब्रंड एकदा हातात कॉफी घेऊन नुसता दारात उभा राहिला आणि म्हणाला, तिसरी पायरी खिळ्याच्या जाडीएवढी खाली गेलीय. मोजली, तर गेलेली. तेव्हापासून ड्यूकचा डोळा ही म्हणच झाली होती. पोरं हल्ली भिंतीवर लाल रेघ पाडणारी यंत्रं वापरतात. इसब्रंड त्या यंत्राला दिवटी म्हणायचा. आंधळ्यांना दिवटी लागते, असं म्हणून हसायचा. वडिलांचा पितळी ओळंबा तेवढा पेटीत असे. तो पहिल्या पट्टीला लावायचा, बाकी सगळं नजरेने.

आता ही भिंत शुक्रवारी सकाळी दहाला जत्रेतल्या बक्षिसांचे परीक्षक बघणार होते आणि शनिवारी अख्खं गाव. आणि ती रोज पोट काढत होती.

लाकूड ओलं, हे एक झालं. शिवाय इथली चिकणमाती, थंडीने फुगते, उन्हाळ्यात आकसते, घरंच्या घरं हलवते. कारणांना तोटा नव्हता. पण इसब्रंडला एक कारण असंही माहीत होतं ज्याच्या वाटेला तो जात नव्हता. नाताळच्या दिवशी चर्चमध्ये भजनाच्या पुस्तकातल्या ओळी मधेच खाली झोल खाऊ लागल्या होत्या. त्याने चष्मा पुसला, पुस्तक लांब धरलं, मग पाठ होतं ते भजन पुस्तक मिटून म्हटलं. जानेवारीत हमरस्त्यावरचे विजेचे खांब कमरेत वाकलेले दिसायला लागले. चष्म्याचा नंबर बदलला असेल, जत्रा झाली की बघू, असं तो स्वतःला सांगत होता.

त्याची आई आगानेथा शेवटची दहा वर्षं पोरांना कानांवरून ओळखायची. समोर बसवून दोन्ही कान चाचपायची आणि म्हणायची, हा इसब्रंड. एकावर एक बसवलेले दुमजली पाव ती तशातही हाताच्या अंदाजाने भाजायची. तिचंही असंच सुरू झालं होतं, कुंपणाचे खांब वाकडे दिसण्यापासून. हे आठवलं की इसब्रंड दुसरं काहीतरी आठवायला घेई.

त्या दिवशी दुपारी रोडेल आणि तो नेहमीसारखे उलट्या ठेवलेल्या बादल्यांवर बसून जेवले. एकोणीस वर्षांचा शिरस्ता असा की इसब्रंडचा सॉसेज घातलेला पाव रोडेलने खायचा आणि रोडेलच्या डब्यातल्या शेवया इसब्रंडने. रोडेल माकारायग फिलिपिन्सहून आला तो नर्स बायकोच्या मागोमाग, पातळ जाकीट घालून, जानेवारीत. पहिल्या दिवशी त्याची बोटं इतकी आखडली की फरशी धरवेना. इसब्रंडने आपला लोकरी कोट त्याच्या अंगावर टाकला, आणि वर बडबडही केली की मरायला आलास का इथे. तेव्हापासून रोडेल त्याला कुया म्हणायचा, म्हणजे त्यांच्याकडे दादा. फरशी बसवणं तो शिकूनच आला होता. एक डोळा मिटून ओळ कशी बघायची, ते त्याला इसब्रंडने शिकवलं.

त्या दुपारी रोडेलने पाव निम्माच खाल्ला. मधेच त्याने विचारलं की कुया, डोळे तपासून किती दिवस झाले? इसब्रंड म्हणाला, माझे डोळे तुझ्या जन्माआधीपासून सरळ बघतायत, तू तुझ्या फरशीचं बघ. रोडेलने मान हलवली आणि डब्याचं झाकण लावलं.

गुरुवारी इसब्रंड सातला पोचला तेव्हा अंगणात बिल्डर क्लिंट थीसनची गाडी आधीच उभी होती. आतून आवाज येत होता. छतातले दिवे पहिल्यांदाच लावले होते आणि त्यांचा उजेड वरून थेट पट्ट्यांवर उतरत होता. शिडीवर रोडेल उभा होता. त्याच्या हातात रबरी हातोडी होती.

क्लिंट बापासारखा नव्हता, पण वाईटही नव्हता. आठ दिवस झोप नसलेला माणूस होता. सजावटवाल्या मुलीला दिवे दाखवायला तो पहाटेच आला होता आणि दिवे लागताच भिंतीतला बाक त्याला दारातूनच दिसला होता. त्या उजेडात तो आंधळ्यालाही दिसला असता. आणि त्याच उजेडात, घरात अजून कोणी नाही असं समजून शिडीवर चढून पट्ट्या ठोकणारा हा फरशीवालाही दिसला होता.

"अंकल, बघा," क्लिंट म्हणाला. "तुमच्या भिंतीची काय वाट लावलीय बघा याने."

इसब्रंडच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, म्हणजे त्याला तसं वाटलं. लाकूड नव्हे, माती नव्हे. तीन दिवस तो आपल्या कामावर शंका घेत होता, आणि हा पठ्ठ्या रोज सकाळी त्याच्या आधी येऊन भिंतीला हात लावत होता.

"तू?" त्याने विचारलं.

रोडेलने वरूनच त्याच्याकडे बघितलं.  मग तो खाली उतरला, हातोडी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि क्लिंटकडे वळून म्हणाला, "सोमवारी माझी शिडी लागली. तेव्हापासून सरळ करायला बघतोय, जमत नाहीये. घाबरून बोललो नाही."

क्लिंटने मग जे बोलायचं ते बोलून घेतलं. आज उरलेली फरशी दुसरा कोणीतरी पुरी करेल. आणि याच रस्त्यावरची पुढची अकरा घरं रोडेलला द्यायची ठरली होती, तीही आता विसरायची. चूक होते माणसाकडून, पण लपवणारा माणूस मला नको.  रोडेलने थाप्या धुतल्या, पुसल्या, बादलीत ठेवल्या.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण इसब्रंडचा जीव दुखावला होता आणि दुखावला की तो टोचून बोलायचा.

"दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही," तो म्हणाला, "एवढंही शिकवलं नव्हतं का रे तुला?"

"शिकवलं होतंस, कुया." रोडेल दारापर्यंत गेला, बूट चढवले. मग मागे न बघताच म्हणाला, "ओळंबा लावून बघ. एकदाच."

ही तर कमालच झाली. चाळीस वर्षं या कामात मुरलेल्या माणसाला हा फरशीवाला सांगणार, ओळंबा लाव. क्लिंट सजावटवाल्या मुलीला घेऊन निघताना म्हणाला, उद्या दहापर्यंत तेवढी सरळ करा, तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही. दार लागलं. घरात फक्त गरम हवेच्या यंत्राची घरघर राहिली.

इसब्रंडने पेटी उघडली. लावतोच ओळंबा, आणि मग भेटल्यावर सांगतो त्याला, असं पुटपुटत तो शिडीवर चढला. सगळ्यांत वर, विसाव्या पट्टीच्या डोक्यापाशी खिळ्याला दोरा बांधला आणि पितळी वजन हळूहळू खाली सोडलं. ते जमिनीच्या बोटभर वर झुलत राहिलं, मग थांबलं. तो दारापाशी गेला, खांदा टेकवला, डावा डोळा मिटला.

दोऱ्याला पोट आलं होतं.

तो बघत राहिला. खाली शेरभर पितळ लटकतंय, घरात वाऱ्याची झुळूक नाही, आणि दोरा मधेच डावीकडे फुगलेला. त्याने डोळा चोळला. पुन्हा बघितलं. नजर वर नेली, तर पोटही वर सरकलं. दोरा वाकडा असू शकत नाही. जगात सगळं वाकडं होऊ शकतं, वजन लावलेला दोरा नाही. हे त्याला वडिलांनी सात वर्षांचा असताना सांगितलं होतं.

मग त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. उजवा डोळा मिटला आणि डाव्याने बघितलं.

दोरा सरळ होता. भिंत वाकडी होती. पोट होतंच, पण उलट्या बाजूला, तो काल जिकडे ठोकत होता तिकडे. म्हणजे सोमवारी भिंत सरळच होती. मंगळवारी ती त्याने वाकडी केली. बुधवारच्या आत रोडेलने ती गुपचूप सरळ केली, आणि बुधवारी सकाळी त्याच्याच डोळ्यांदेखत याने ती पुन्हा वाकडी केली. थापी का थांबली होती ते आता त्याला कळलं. डोळे कधी तपासलेस हे का विचारलं तेही कळलं.

 तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला, जी त्यानेच बसवली होती. पहिलं वाटलं ते भय. आईचे हात कानांवर फिरत असल्यासारखं वाटलं. त्यानंतर वाटली ती लाज, आणि ती भयापेक्षा जड होती. घाबरून बोललो नाही, असं रोडेल म्हणाला होता. घाबरलेलं कोण होतं?

आणि खरं सांगायचं तर लगेच तिसरंही काहीतरी मनात आलं. डावा डोळा अजून शाबूत होता. त्या डोळ्याने ओळंबा धरून दोन तासांत भिंत सरळ झाली असती. कोणाला काही कळलं नसतं. उद्या परीक्षक, परवा लोक, ड्यूकचा डोळा जागच्या जागी. क्लिंटचा राग तीन दिवसांचा. फरशीवाल्यांना काय, कुठेही काम मिळतं. हे सगळं इसब्रंडच्या मनात आलं, नीट रांगेत आलं, आणि तो बराच वेळ ते परतवू शकला नाही. भिंतीला हात न लावता त्याने दोरा गुंडाळला आणि भर दुपारी घरी गेला.

बायको युस्टिना स्वयंपाकघरात होती. एवढ्या लवकर कसा, असं तिने विचारलं नाही. त्याने कोट न काढताच सगळं सांगितलं, रोडेलचं, दोऱ्याचं, डोळ्याचं. 

"मला नाताळापासून माहितीय," ती म्हणाली. "तू कॉफी ओततोस ती निम्मी बशीत."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले. चुकलंच माझं."

तिने दवाखान्याला फोन लावला. तिकडच्या बाईने विचारलं की सरळ रेघा वाकड्या दिसतात का, किती दिवसांपासून, आणि उत्तर ऐकून मंगळवारची वेळ दिली. म्हणाली, खरं तर हे दोन महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं. हल्ली डोळ्यात सुई देऊन हे थोपवता येतं, पण गेलेलं परत येईलच असं नाही. युस्टिनाने फोन ठेवला आणि ओट्यापाशी पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. इसब्रंडला तिच्याजवळ जावंसं वाटलं आणि जाता आलं नाही.

थोड्या वेळाने तो म्हणाला की क्लिंटचा राग काही टिकत नाही, रोडेलला तो आपण होऊन परत बोलावेल. ती वळली.

"त्याची बायको मला रविवारी दुकानात भेटते," ती म्हणाली. "तिला मी काय तोंड दाखवू, तेवढं सांगून ठेव."

 रात्रभर दोघं एकमेकांना झोप लागली आहे असं दाखवत पडून राहिली.

शुक्रवारी साडेसहाला इसब्रंड त्या घराच्या दारात क्लिंटची वाट बघत उभा होता. मिशीवर बर्फ साचलं होतं. क्लिंट आला, आत गेला, दिवे लावले आणि जागच्या जागी थांबला. भिंत कालच्याइतकीच वाकडी होती. त्याने तोंड उघडायच्या आत इसब्रंड बोलायला लागला. घरून ठरवून आणलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"ही मी वाकडी केलीय," तो म्हणाला. "दोनदा. माझा उजवा डोळा गेलाय, क्लिंट. सरळ असतं ते मला वाकडं दिसतं. रोडेल रोज येऊन ती सरळ करत होता. काल तुझ्याशी खोटं बोलला तो माझ्यासाठी."

 ज्या माणसाने क्लिंटला लहानपणी लाकडाच्या ढलप्या खेळायला दिल्या होत्या, तो समोर टोपी हातात घेऊन उभा होता. कधीपासून, असं क्लिंटने हळूच विचारलं. नाताळापासून, इसब्रंड म्हणाला. क्लिंटच्या चेहऱ्यावर घरं मोजली जाताना त्याला दिसली. नाताळानंतर इसब्रंडने आणखी दोन घरं पुरी केली होती.

"त्या दोन्ही घरांना दिवटी लावून बघ," इसब्रंडच म्हणाला. "दारं, जिना, सगळं. जिथे वाकडं असेल तिथे माझं नाव लिही. आणि रोडेलला आत्ता फोन कर. माझ्यासमोर."

"अंकल, परीक्षक येऊन जाऊ देत. मग निवांत—"

"आत्ता."

क्लिंटने फोन लावला. बोलताना तो खिडकीकडे तोंड करून उभा होता, कान लाल झाले होते. अकरा घरं, हो, तुझीच, असं म्हणाला, सॉरीही म्हणाला. फोन ठेवून त्याने काहीतरी चांगलं बोलायचा प्रयत्न केला, की बाबा नेहमी तुमच्या डोळ्याबद्दल सांगायचे. सांगता सांगताच त्याच्या लक्षात आलं आणि तो दिव्यांच्या बटणांकडे वळला.

रोडेल आठाला आला. आत येऊन बूट काढले, इसब्रंडकडे बघितलं. इसब्रंड म्हणाला, "काल मी जे बोललो ते—"

"कुया, तिथे पाय देऊ नकोस. फरशी ओली आहे."

फरशी कधीच सुकली होती. इसब्रंड तरी बाजूला झाला.

मग काम सुरू झालं. दोरा पुन्हा बांधला. रोडेल दाराच्या चौकटीला खांदा टेकवून उभा राहिला, त्याने डावा डोळा मिटला. इसब्रंड शिडीवर चढला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो चौकटीपाशी नव्हता, दुसऱ्याच्या नजरेच्या टोकाला होता. त्याने भिंत बघितलीच नाही. नाकासमोरची पट्टी तेवढी बघत होता.

"डावीकडे," रोडेल म्हणायचा. "अजून. केसभर. बास."

मग पुढची पट्टी. एकदा रोडेल बास म्हणाला आणि इसब्रंडचा हात आपोआप आणखी एक ठोका द्यायला वर गेला, कारण त्याला ते अजून वाकडंच दिसत होतं. हातोडी हवेत थांबली.  इसब्रंडने दात आवळले आणि हात खाली घेतला.

साडेनऊला भिंत झाली. परीक्षक दहाला आले, हातात पाट्या घेऊन फिरले, भिंतीपुढे दोन मिनिटं उभे राहिले, आणि बक्षीस ओट्याच्या दगडाला दिलं. तो दगड परदेशातून कापूनच आला होता. रोडेल म्हणाला, मेणाच्या लिंबांना दिलं नाही हेच नशीब. दोघं बऱ्याच दिवसांनी हसले आणि बादल्यांवर बसून एकमेकांचे डबे खाल्ले.

शनिवारी जत्रा भरली. एरवी इसब्रंड आपल्या घरांच्या उद्घाटनाला कधी जात नसे. केलेलं काम पुन्हा काय बघायचं, म्हणायचा. या वेळी युस्टिनाने चांगला कोट काढून ठेवला आणि तो मुकाट्याने घालून निघाला. दारात रांग होती. बुटांवर चढवायला निळ्या पिशव्या दिल्या. आतल्या फलकावर दगड कुठला, नळ कुठले, रंगाचं नाव काय, सजावट कोणाची, सगळं लिहिलेलं होतं. सुताराचं नाव असल्या फलकांवर नसतंच, आणि त्याला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

बायका खण ढकलून तो आपला आपण मिटताना बघत होत्या. पुरुष न्हाणीघरात पिशवीतला पाय टेकवून फरशी खरंच गरम आहे का ते अजमावत होते. कोणीतरी प्लास्टरचा पाव वाजवून बघितला. दिवाणखान्यात दिवे लागले होते. एक जाडा गृहस्थ भिंतीपुढे उभा राहिला, एक डोळा मिटून वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बायकोला म्हणाला, याला म्हणतात काम, सुतासारखं सरळ.

इसब्रंड त्याच्या मागेच उभा होता. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघत होता. डावा मिटायची त्याला फार इच्छा झाली. मिटला तर काय दिसेल हे त्याला माहीत होतं. मंगळवारी तो दवाखान्यात जाणार होता, पण ही भिंत त्याने बसवलेली शेवटची, हे त्याला आत्ता, इथेच, लोकांच्या गर्दीत कळलं.

जाडा गृहस्थ पुढे गेला. इसब्रंड भिंतीजवळ गेला आणि विसाव्या पट्टीवर तळहात ठेवला. गुडघ्यापासून सुरुवात केली आणि हळूहळू वर नेत गेला, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, डोक्याच्या वर हात पुरेल तिथपर्यंत. लाकूड उबदार होतं. आता त्याने दोन्ही डोळे मिटले होते. पोट कुठेच लागलं नाही.

"सर," मागून आवाज आला. घर दाखवायला ठेवलेली तरुण मुलगी होती, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर हसू. "सर, प्लीज, भिंतीला हात नका लावू. डाग पडतात."

युस्टिना पटकन पुढे झाली, काहीतरी सांगणार होती. इसब्रंडने तिचा दंड धरला.

"चुकलं," तो मुलीला म्हणाला, आणि हात काढून कोटाच्या खिशात घातला.